मोल देऊन घेतलेली जाहिरात

चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' ही कादंबरी मार्च १८५२ पासून सप्टेंबर १८५३ पर्यंत लंडनमध्यें मासिक भागांनीं प्रसिद्ध होत होती. एका भागाची किंमत एक शिलिंग. निळसर वेष्टन, बत्तीस पानें मजकूर, दोन चित्रें, आणि मजकुराच्या मागेंपुढें जाहिरातींचीं पानें. त्या पानांस 'ब्लीक हाउस ॲडव्हर्टायझर' असें स्वतंत्र नांवहि दिलेलें असे. कादंबरी पुरी झाली म्हणजे वाचक सारे भाग पुस्तकें बांधणाऱ्याकडे नेई, आणि तो वेष्टनें व जाहिराती काढून टाकून निव्वळ कादंबरी बांधून देई. जुन्या ग्रंथालयांतील बांधीव खंडांत या जाहिराती क्वचितच आढळतात त्या यामुळेंच. आणि जाहिरातींसह शाबूत राहिलेले सुटे भाग संग्राहकांस दुर्मिळ वाटतात तेहि यामुळेंच. इंग्रजी वाङ्मय शिकवितांना ही गोष्ट मीं विद्यार्थ्यांस पुष्कळदां सांगितली आहे. तिच्यांत व्यापारनीतीचाहि एक धडा आहे, हें मात्र माझ्या ध्यानांत अलीकडे आलें.

झालें असें कीं, एके सकाळीं घरांतील संगणक सुरू केला, तों माझ्या टिपणांच्या आधीं कोणत्याशा खेळाची शिफारस पडद्यावर उभी राहिली. संगणकाचे पैसे दिलेले होते, त्यांतील कार्यप्रणालीचेहि दिलेले होते. मीं ती शिफारस दूर सारली व कामास लागलों. दुपारीं तोच संगणक आमच्या थोरल्या भगिनींच्या, म्हणजे आक्कांच्या, हातीं गेला. तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकवून निवृत्त झालेल्या आक्का या छापील सूचना नीट वाचून त्याप्रमाणें वागणाऱ्यांपैकीं आहेत. त्यांनीं मला हांक मारून विचारलें, "अरे, हें घ्यावेंच लागतें का? यंत्रानेंच सांगितलें आहे." व्यापारी सांगतो आणि यंत्र सांगतें यांतील भेद त्यांच्यापुरता पुसला गेला होता. तो कोणीं पुसला, केव्हांपासून पुसला व कोणकोणत्या पायऱ्यांनीं पुसला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कार्यप्रणाली, जिला आज सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती संगणकांतील इतर सर्व कार्यक्रमांच्या खालची भूमि होय. लेखन, हिशेब, चित्रें, पत्रव्यवहार यांचे कार्यक्रम तिच्या आधारानें चालतात. कळ दाबतांच अक्षर उमटणें, ठेवलेला कागद ठेवल्या जागीं सांपडणें, हें तिचें काम. वर्तमानपत्र नको असल्यास बंद करतां येतें, दूरदर्शनची वाहिनी बदलतां येते. पण कार्यप्रणाली टाळून संगणक वापरतां येत नाहीं. म्हणून तिच्यांतील जाहिरात ही हमरस्त्यावरील फलकाच्या जातीची नव्हे. ती घराच्या उंबऱ्यावर लावलेल्या फलकाच्या जातीची आहे.

या भूमीचें निराळें मोल घेण्याची चाल फार जुनी नाहीं. पूर्वीं मोठें यंत्र घेणाऱ्यास त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या सामान्यतः यंत्राबरोबरच मिळत. २३ जून १९६९ रोजीं आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें यंत्राची किंमत निराळी व आज्ञावल्यांची निराळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणें विकण्याजोगी वस्तु ठरली. पुढें ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणानें हौशी संगणकप्रेमींस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. यंत्राचे पैसे देतां, मग त्यावर चालणारी आज्ञावली मात्र एकमेकांत फुकट वांटून घेतां, ही चोरी होय. असें होऊं लागलें तर चांगल्या आज्ञावल्या लिहिण्यास कोण धजेल, असा त्या पत्राचा रोख होता. ज्यानें श्रम केले त्यास मोल मिळावें, हा त्यांतील युक्तिवाद न्यायाचा होता, आणि जगानें तो हळूहळू मान्यहि केला. २० नोव्हेंबर १९८५ रोजीं याच कंपनीची 'विंडोज' ९९ डॉलरांस विक्रीस आली. त्या काळचा करार साधा होता. घेणाऱ्यानें पैसे द्यावे, विकणाऱ्यानें वस्तु द्यावी. आज्ञावली चकतीवर मिळे. चकती विकली गेली कीं, छापील पुस्तकांतून प्रकाशकाचा हात निघावा तसा कंपनीचा हात तींतून निघत असे.

या करारास पहिला तडा १९९५ नंतरच्या दोनतीन वर्षांत गेला. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं 'विंडोज ९५' बाजारांत आली. संगणक सुरू होतांच जो मोकळा पडदा दिसे, त्याला डेस्कटॉप म्हणूं लागले. आणि त्यावर कंपनीनें स्वतःच्या नव्या इंटरनेट-सेवेचें, मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचें, चिन्ह मांडलें. कोट्यवधि लोक रोज सकाळीं जेथें प्रथम नजर टाकतात ती जागा किती मोलाची आहे, याचा प्रत्यय लौकरच आला. मार्च १९९६ मध्यें अमेरिका ऑनलाइन या प्रतिस्पर्धी सेवेनें मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर आपल्या गिऱ्हाइकांस देण्याचें कबूल केलें; मोबदल्यांत तिला विंडोजच्या डेस्कटॉपवरील एका घडीत स्थान मिळालें. या व्यवहारानें मायक्रोसॉफ्टनें स्वतःच्याच सेवेस पाण्यांत ढकललें असें म्हणावें लागेल. तरीहि तो तिला फायद्याचा वाटला. रोख पैशांऐवजीं येथें पडद्यावरील जागा चलन म्हणून दिली गेली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९९८ मध्यें 'विंडोज ९८' आली तेव्हां डेस्कटॉपवर 'चॅनेल'ची एक पट्टीच होती आणि तींत डिस्नेसारख्या कंपन्यांचीं नांवें होतीं. पैसे देऊन घेतलेल्या कार्यप्रणालींत तिऱ्हाइताचें नांव असें उघडपणें येऊन बसलें.

मग या जागेचा धनी कोण, असा प्रश्न निघणें क्रमप्राप्त होतें, व तो न्यायालयांतहि गेला. कॉम्पॅक या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें १९९६ मध्यें आपल्या कांहीं यंत्रांवरून इंटरनेट एक्स्प्लोररचें चिन्ह काढलें, तेव्हां मायक्रोसॉफ्टनें तिचा विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली आणि कॉम्पॅकनें चिन्ह मुकाट्यानें परत बसविलें. मे १९९८ मध्यें अमेरिकन सरकारनें मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. ५ नोव्हेंबर १९९९ रोजीं न्यायमूर्ति थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत ही हकीकत नमूद आहे. जून २००० मध्यें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला, जून २००१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला, आणि शेवटीं तडजोड झाली. त्याच सुमारास यंत्र बनविणाऱ्यांस डेस्कटॉपवरील चिन्हें बदलण्याची मोकळीक मिळाली. या सर्व वादाकडे आज पाहिलें असतां एक गोष्ट मनांत सलते. खटला ग्राहकांच्या हिताच्या नांवानें चालला. पण पडदा मायक्रोसॉफ्टचा कीं यंत्र बनविणाऱ्याचा, याचाच निवाडा त्यांत झाला. ज्यानें त्या पडद्याचे पैसे मोजले, त्याचा तो असूं शकतो, हा पक्ष कोणीं मांडल्याचें फारसें दिसत नाहीं.

मोकळीक मिळालेल्या यंत्रकारांनीं तिचा उपयोग काय केला, हें पुढच्या दहा वर्षांत दिसून आलें. संगणकाच्या विक्रींत नफा थोडा उरूं लागला होता. तेव्हां तीस दिवस चालणारे विषाणुरोधक कार्यक्रम, चाचणीपुरते हिशेबाचे कार्यक्रम, इंटरनेट-सेवांचीं आमंत्रणें असा बराच पसारा नव्या यंत्रांत आधींच भरून येऊं लागला, आणि त्या जागेबद्दल ते कार्यक्रम करणाऱ्या कंपन्या यंत्रकारांस पैसे देत. मार्च २००८ मध्यें सोनी कंपनीनें आपल्या कांहीं संगणकांतून हा पसारा काढून देण्याबद्दल सुमारें ५० डॉलर निराळे मागितले. ओरड होतांच आकार मागें घेतला. २०१२ मध्यें खुद्द मायक्रोसॉफ्टनेंहि आपल्या दुकानांत लोकांचे संगणक ९९ डॉलरांत स्वच्छ करून देण्याची व्यवस्था केली. प्रथम घाण करण्याचे पैसे एकाकडून, मग ती काढण्याचे पैसे दुसऱ्याकडून, असा हा दुहेरी व्यापार झाला. तो केवळ उपद्रवाचा नव्हता, धोक्याचाहि होता. लेनोवो कंपनीच्या कांहीं संगणकांत 'सुपरफिश' नांवाचा जाहिराती घुसविणारा कार्यक्रम आधींच भरलेला असे, व त्यामुळें बँकेसारख्या सुरक्षित म्हणविणाऱ्या जोडणीचेंहि संरक्षण ढिलें पडत असे, हें फेब्रुवारी २०१५ मध्यें उघडकीस आलें. २०१७ मध्यें अमेरिकेच्या व्यापार-आयोगाशीं कंपनीला समझोता करावा लागला.

येथें कोणी म्हणेल कीं, जाहिरातीशिवाय स्वस्ताई कोठून येणार? हें म्हणणें पोकळ नाहीं. १ जुलै १८३६ रोजीं एमिल द जिरार्दें यानें पॅरिसमध्यें 'ला प्रेस' हें दैनिक काढलें, तेव्हां इतर पत्रांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक होती. त्यानें ती ४० ठेविली व तूट जाहिरातींनीं भरून काढली. सामान्य माणसाच्या हातीं वर्तमानपत्र आलें तें या युक्तीनें. अगदीं अलीकडचें उदाहरण पुस्तकें वाचण्याच्या 'किंडल' या यंत्राचें. एप्रिल २०११ मध्यें ॲमेझॉननें १३९ डॉलरांचें हें यंत्र जाहिरातींसह ११४ डॉलरांस देऊं केलें. पंचवीस डॉलर वांचवावयाचे असतील तर वाचन थांबलेलें असतां पडद्यावर जाहिरात दिसेल. नको असेल तर पुरे पैसे द्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या शाओमीच्या स्वस्त फोनांत मूळ प्रणालीच्या कार्यक्रमांतच जाहिराती दिसत आल्या आहेत. त्या कंपनीनेंहि २०१८ मध्यें यंत्रविक्रीवर शेंकडा ५ हून अधिक निव्वळ नफा घेणार नाहीं असें उघड सांगितलें होतें. असे सौदे कोणास आवडोत वा न आवडोत, त्यांत लबाडी नाहीं. कारण जाहिरातीबद्दल घेणाऱ्यास कांहीं मिळतें, व काय मिळतें हें त्याला समजूं शकतें.

फुकट मिळणाऱ्या कार्यप्रणालीचीहि एक कथा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्यें 'उबुंटू'च्या नव्या आवृत्तींत, आपल्याच संगणकांतील वस्तु शोधावयास गेलें असतां ॲमेझॉनचा माल सुचविला जाऊं लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनीं तिला हेरगिरी म्हटलें. वापरणाऱ्यांचा रोष झाला, आणि एप्रिल २०१६ च्या आवृत्तीपासून ती सोय, किंवा गैरसोय, मुळांतच बंद ठेवण्यांत आली. एक पैसाहि न देणाऱ्यांचें गाऱ्हाणें येथें ऐकलें गेलें. तिची आज्ञावली सर्वांस पाहण्यास खुली होती व नको असलेला भाग काढून टाकण्याचा अधिकार वापरणाऱ्यांस होता, हें त्याचें एक कारण असावें.

आतां ज्या प्रणालीचें मोल घेतलें जातें तिच्याकडे वळूं. २९ जुलै २०१५ रोजीं 'विंडोज १०' आली. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांस ती वर्षभर विनामूल्य होती. नव्यानें घेणाऱ्यास घरगुती आवृत्ति ११९ डॉलरांस व व्यावसायिक १९९ डॉलरांस. 'कँडी क्रश' हा खेळ तिच्याबरोबर येणार हें आधींच जाहीर झालें होतें. फेब्रुवारी २०१६ मध्यें कुलूपबंद पडद्यावर, म्हणजे संगणक उघडण्याच्याहि आधीं, एका नव्या व्हिडिओ-खेळाची जाहिरात अनेकांस दिसली. मे २०१६ मध्यें तर जुन्या विंडोजवरील 'नवी आवृत्ति घ्या' या सूचनेची खिडकी कोपऱ्यांतील फुलीनें बंद केली तरी ती संमतीच धरली जाऊं लागली. पुढें निषेध झाल्यावर ही रीत बदलण्यांत आली. एकंदरींत ज्यास प्रणाली फुकट मिळाली त्यालाहि जाहिरात, आणि ज्यानें ११९ डॉलर मोजले त्यालाहि तीच जाहिरात. जिरार्देंचा हिशेब येथें लागू पडत नाहीं. किंमत कमी न होतां जाहिरात मात्र आली. त्याच वर्षीं आणखी एक भेद पडला. या आगंतुक खेळांची भरती एका फटक्यासरशीं बंद करण्याची धोरणात्मक कळ ऑगस्ट २०१६ च्या सुधारणेनंतर मोठ्या संस्थांच्या व शिक्षणसंस्थांच्या आवृत्त्यांपुरतीच उरली. १९९ डॉलरांच्या व्यावसायिक आवृत्तीलाहि ती लागू राहिली नाहीं. घाऊक गिऱ्हाइकास शांतता, किरकोळ गिऱ्हाइकास नाहीं, असा हा न्याय झाला.

असें कां व्हावें? याचीं कारणें दोन. पहिलें आर्थिक. २०११ नंतर जगांतील संगणकांची विक्री घटूं लागली, आणि एकदां प्रणाली विकून मिळणाऱ्या पैशापेक्षां दरमहा येणारी वर्गणी अधिक भरंवशाची ठरली. लेखन-हिशेबाचे कार्यक्रम वर्गणीचे झाले, कागदपत्रें ठेवण्याची दूरची जागा वर्गणीची झाली. आणि प्रणाली ही विक्रीची वस्तु न राहतां या वर्गण्या मिळविण्याचें दुकान बनली. दुसरें कारण यांत्रिक. संगणक आतां सतत इंटरनेटशीं जोडलेला असतो आणि कार्यप्रणाली महिन्याच्या महिन्याला सुधारली जाते. या सुधारणा टाळणें धोक्याचें असतें, कारण यंत्राचें चोरापासून रक्षण त्यांनींच होतें. परंतु ज्या नळानें औषध येतें त्याच नळानें जाहिरातहि येते, आणि नळ बंद केला तर दोन्ही बंद होतात. चकती विकल्यावर निघून गेलेला कंपनीचा हात असा परत घरांत आला, आणि तो आतां बाहेर जात नाहीं. पुस्तक बांधणाऱ्यानें जाहिरातींचीं पानें एकदां कापलीं म्हणजे कापलीं. येथें तीं पुढील सुधारणेबरोबर पुन्हां उगवूं शकतात.

यापुढची पायरी शब्दांची आहे, व मला तीच अधिक गंभीर वाटते. मार्च २०१७ मध्यें फाइली पाहण्याच्या खिडकींत कंपनीच्या 'वनड्राइव्ह' या साठवणसेवेची जाहिरात दिसूं लागली. ती बंद करण्याची कळ होती. पण तिच्यावर 'जाहिरात' हा शब्द नव्हता, 'समक्रमण-सेवेच्या सूचना दाखवा' अशा अर्थाचें नांव होतें. संगणक सुरू झाल्यावर कधीं कधीं 'यंत्राची मांडणी पुरी करूं या' असें सांगणारा पडदा येतो. मांडणी केव्हांच पुरी झालेली असते, आणि पुढें वर्गणीच्या सेवा देऊं केलेल्या असतात. विंडोज १० मध्यें त्या पडद्यावर 'पुढें चला' आणि 'तीन दिवसांनीं आठवण करा' असे दोन पर्याय असत. 'नको' हा पर्याय तेथें नसे, तो दुसरीकडे शोधावा लागे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या, १३९ डॉलर किंमतीच्या 'विंडोज ११' मध्यें एप्रिल २०२४ पासून स्टार्टच्या यादींत विक्रीच्या कार्यक्रमांचीं नांवें दिसूं लागलीं, तीं 'शिफारस' या मथळ्याखालीं. ज्या ठिकाणीं आपण नुकतीं उघडलेलीं आपलींच कागदपत्रें दिसतात, त्यांच्याच पंक्तीला हीं बसविलीं गेलीं.

कंपनीच्या बाजूनेंहि बोलणें अवश्य आहे. २०१५ पासून मोठ्या सुधारणा तिनें निराळे पैसे न घेतां दिल्या आहेत, हें खरें. बहुतेक सूचना एकेक करून बंद करतां येतात, हेंहि खरें. साठवणसेवेमुळें कोणाचीं कागदपत्रें वांचलींहि असतील. परंतु हे सर्व मुद्दे धरून एक प्रश्न उरतो: बंद करण्याचे श्रम कोणीं करावे? तरुण मुलगा पांच मिनिटांत पांच ठिकाणच्या कळा शोधून काढील. आक्कांनीं काय करावें? जें निवडण्यासाठीं आधीं तज्ज्ञ व्हावें लागतें, तें निवडीचें स्वातंत्र्य म्हणतां येत नाहीं. आणि विंडोज १० ची सामान्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, तेव्हां आणखी एक वर्ष संरक्षण हवें असणाऱ्या घरगुती ग्राहकांपुढें पर्याय ठेवले ते असे: ३० डॉलर द्या, नाहीं तर कंपनीच्या बक्षीस-योजनेचे १००० गुण द्या, नाहीं तर आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या साठवणींत ठेवा. युरोपांत ग्राहकसंघटनेच्या तक्रारीनंतर ही अट सैल झाली. २०२४ पासून युरोपांतील नव्या कायद्यामुळें तेथील लोकांस कंपनीचा एज ब्राउझरहि प्रणालींतून काढून टाकतां येतो. म्हणजे जें एरवीं जमत नव्हतें तें कायद्यानें मागितलें असतां जमलें. अडचण यंत्राची नव्हती.

आपल्या देशांतहि वाट अगदींच बंद नाहीं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नांवानिशीं सांगणारीं मार्गदर्शक तत्त्वें जारी केलीं. त्यांत वेषांतर केलेली जाहिरात हा एक प्रकार आहे आणि पुन्हां पुन्हां टोचणी लावणें हा दुसरा. या शब्दांचा आधार घेऊन ग्राहकांनीं तीन साध्या गोष्टी मागाव्या असें मला वाटतें. जाहिरात ही जाहिरात म्हणून लिहिलेली असावी. पुरे मोल देणाऱ्यास ती एकाच कळीनें कायमची बंद करतां यावी. आणि 'नको' हा शब्द 'पुढें चला' याच्या शेजारींच, त्याच आकाराच्या अक्षरांत असावा. १९७६ च्या त्या पत्रानें जगास सांगितलें कीं, वस्तूचें मोल चुकविल्यावांचून ती वापरूं नये. तें जगानें मानलें. आतां मोल घेतल्यावर वस्तु पुरी द्यावी, एवढेंच उलट सांगावयाचें आहे.

'जाहीर' हा शब्द आपल्याकडे अरबींतून फारसीमार्गें आला. त्याचा अर्थ उघड, प्रकट. डिकन्सच्या भागांतील जाहिराती या अर्थानें खऱ्या जाहिराती होत्या. त्यांचें पान निराळें, नांव निराळें, आणि त्या काढून टाकण्याचा अधिकार वाचकाचा. शिफारशीच्या वेषांत येणारी व यंत्राच्या तोंडून बोलणारी वस्तु उघड नसते, म्हणून तिला जाहिरात म्हणणें हाच शब्दाचा अपमान आहे. त्या दिवशीं मीं आक्कांस एवढेंच सांगितलें कीं, हें यंत्र बोलत नाहीं, यंत्रांत बसलेला दुकानदार बोलतो आहे. त्यांनीं चष्मा सारखा करून तो पडदा पुन्हां एकदां वाचला, आणि म्हणाल्या, "मग तसें लिहावें कीं त्यानें." या लेखांत मला त्याहून अधिक कांहीं सांगावयाचें नव्हतें.